बॅकअप दर वेळी अर्ध्यावर का थांबतो? कारण शोधण्याची एक पद्धत

बाहेरची हार्ड डिस्क जोडून बॅकअप सुरू करावा, प्रगतीची पट्टी तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत सुरळीत सरकावी आणि मग तिथेच खिळून राहावी. केबल काढून पुन्हा लावल्यावर एखाद्या वेळी काम पूर्ण व्हावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच घडावे, हा अनुभव घरी बॅकअप घेणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. अशा वेळी आपण एकाच दिवशी केबल बदलतो, डिस्क फॉरमॅट करतो आणि सॉफ्टवेअरही नवे टाकतो. त्या दिवशी बॅकअप होतो, परंतु यांपैकी कशामुळे झाला हे कळत नाही, आणि म्हणूनच अडचण महिन्याभराने परत येते तेव्हा आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असतो.

माझ्या मते या दुखण्याचे निदान एका प्रश्नाच्या उत्तरात असते: बॅकअप नेमका कुठे थांबतो? दर वेळी एकाच फाइलपाशी थांबत असेल तर दोष फाइलीत, तिच्या नावात किंवा डिस्कच्या फॉरमॅटमध्ये शोधावा. दर वेळी ठरावीक मिनिटांनी थांबत असेल तर वीज वाचवणाऱ्या सेटिंगकडे पाहावे. कधीही आणि कुठेही थांबत असेल तर संशय केबल, पोर्ट आणि डिस्क या तिघांवर घ्यावा. पुढील सर्व मजकूर याच क्रमाने आहे. उदाहरणे मुख्यतः विंडोजची असली तरी तर्क मॅक आणि लिनक्सलाही लागू पडतो.

त्याआधी दोन खबरदाऱ्या. जुना बॅकअप कितीही अर्धवट असला तरी नवा पूर्ण होऊन तपासला जाईपर्यंत तो पुसू नये. आणि संगणकातील किंवा बाहेरच्या डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर पूर्ण बॅकअपचा हट्ट सोडून जे पुन्हा मिळणारच नाही तेवढेच, म्हणजे छायाचित्रे, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइली, आधी दुसऱ्या माध्यमावर काढून घ्यावे आणि निदान मागाहून करावे.

आधी नोंद, मग उपाय

काहीही न बदलता बॅकअप तीनदा चालवावा आणि प्रत्येक वेळी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: सुरू केल्यापासून किती मिनिटांनी थांबला, तेव्हा किती जीबी लिहून झाले होते आणि पडद्यावर कोणत्या फाइलीचे नाव होते. हे कंटाळवाणे वाटते, परंतु तीन ओळी एकाखाली एक आल्या की त्यांतला मेळ आपोआप दिसतो.

विंडोज स्वतःही नोंद ठेवत असते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टम’ या भागात जावे आणि बॅकअप थांबला त्या वेळेच्या आसपास ‘डिस्क’ या स्रोताच्या नोंदी शोधाव्यात. ७ क्रमांकाची नोंद डिस्कवर खराब ब्लॉक सापडल्याचे सांगते, १५३ क्रमांकाची नोंद वाचण्या-लिहिण्याची क्रिया पुन्हा करावी लागल्याचे सांगते आणि १५७ क्रमांकाची नोंद डिस्क अचानक काढली गेल्याचे सांगते. आपण डिस्कला हातही लावलेला नसताना १५७ दिसत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देणे तिथेच थांबवावे.

एकाच फाइलपाशी थांबणे

हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्याची कारणेही सर्वांत जास्त आहेत.

पहिले कारण फॅट३२ हे फॉरमॅट. पेन ड्राइव्ह आणि काही बाहेरच्या डिस्क याच फॉरमॅटमध्ये असतात आणि त्यात एका फाइलीचा आकार ४ जीबीपर्यंतच चालतो. त्यामुळे डिस्कवर ५०० जीबी जागा रिकामी असतानाही ६ जीबीची चित्रफीत, वाढलेली ई-मेलची पेटी किंवा आभासी संगणकाची फाइल तिच्यावर लिहिता येत नाही, आणि काही सॉफ्टवेअर त्याचे कारण ‘जागा अपुरी’ असे दाखवून आणखी गोंधळात टाकतात. ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहिल्यास फॉरमॅटचे नाव दिसते. डिस्क केवळ विंडोजसाठी असेल तर एनटीएफएस निवडावे. मॅकवरही वापरायची असेल तर एक्सफॅट घ्यावे लागते, कारण मॅक मूळ स्थितीत एनटीएफएस डिस्क वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये मात्र जर्नल, म्हणजे चालू बदलांची डिस्कवरच ठेवलेली नोंदवही, नसते; त्यामुळे लिहिणे चालू असताना केबल निघाली तर फाइलींची रचना बिघडण्याचा धोका एनटीएफएसपेक्षा अधिक असतो. म्हणून जिथे पर्याय आहे तिथे मी एनटीएफएस पसंत करतो. फॅट३२ वरून एनटीएफएसकडे जाण्यासाठी विंडोजमध्ये ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा आहे आणि तिने मजकूर पुसला जात नाही. तरीही त्या डिस्कवर एखाद्या गोष्टीची एकमेव प्रत असेल, तर ती आधी दुसरीकडे ठेवूनच हा उद्योग करावा.

दुसरे कारण फाइलीच्या पत्त्याची लांबी. विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम ड्राइव्हचे अक्षर, सर्व फोल्डरांची नावे आणि फाइलीचे नाव मिळून २६० अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाहीत. मूळ जागी २४० अक्षरांचा पत्ता मुकाट्याने चालतो. बॅकअप घेताना त्याच्यापुढे ‘बॅकअप’, ‘जुना लॅपटॉप’ आणि तारखेचे फोल्डर अशी तीस अक्षरे लागली की तीच फाइल मर्यादेबाहेर जाते. ‘डेस्कटॉप’मध्ये ‘जुना डेस्कटॉप’ आणि त्यात ‘त्याआधीचा डेस्कटॉप’ अशी घडी ज्यांच्याकडे साठली आहे (माझ्याकडे ती चार थरांची होती), त्यांनी हे कारण प्रथम तपासावे. विंडोज १० पासून ही मर्यादा सैल करण्याची सेटिंग उपलब्ध आहे, परंतु प्रत्येक प्रोग्रॅम ती मानतोच असे नाही. वरच्या फोल्डरांची नावे आखूड करणे हा साधा उपाय अधिक भरवशाचा आहे.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांना येथे एक जास्तीची अडचण येते. ‘चिठ्ठी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र च, वेलांटी, ठ, हलंतचिन्ह, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी सहा अक्षरे मोजतो. लिनक्सवर चालणाऱ्या आणि ईएक्सटी४ हे फॉरमॅट वापरणाऱ्या घरगुती नेटवर्क डिस्कवर तर नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे असे नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचे असू शकते, आणि काना-मात्रा-वेलांट्या धरता एवढी चिन्हे एका मध्यम लांबीच्या वाक्यातच संपतात. कार्यक्रमाचे पूर्ण नाव, ठिकाण आणि तारीख घालून ठेवलेली छायाचित्रे विंडोजवर उत्तम उघडतात आणि नेटवर्क डिस्कवर जाताना तेवढीच अडतात, त्यामागे बहुधा हे गणित असते.

तिसरे कारण उघडी असलेली फाइल. ई-मेलचा किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम चालू असेल तर तो आपली फाइल कुलूपबंद ठेवतो आणि साध्या कॉपीला ती वाचता येत नाही. विंडोजसोबत येणारी रोबोकॉपी ही आज्ञा वापरणाऱ्यांना याचा विचित्र अनुभव येतो. तिला काही वेगळे सांगितले नाही, तर न वाचता येणाऱ्या फाइलीसाठी ती १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. गुणाकार केला तर एका फाइलीपायी सुमारे ३४७ दिवस होतात. ‘बॅकअप अडकला’ असे जे आपल्याला वाटते, ते खरे म्हणजे रोबोकॉपीचे इमानेइतबारे वाट पाहणे असते. ‘आर’ या पर्यायाने प्रयत्नांची संख्या २ वर आणि ‘डब्ल्यू’ या पर्यायाने प्रतीक्षा ५ सेकंदांवर आणावी, तसेच ‘लॉग’ हा पर्याय देऊन सुटलेल्या फाइलींची यादी मिळवावी. संपूर्ण वापरकर्ता-फोल्डर उचलत असाल तर ‘एक्सजे’ हा पर्यायही द्यावा; तो दिला नाही तर ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाचा अंतर्गत दुवा स्वतःकडेच वळून एकात एक अशी फोल्डरांची न संपणारी माळ तयार करू शकतो. उघड्या फाइली वाचण्याचा खरा उपाय म्हणजे विंडोजची व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सोय वापरणारे बॅकअप सॉफ्टवेअर. ते नसेल तर बॅकअपपूर्वी असे प्रोग्रॅम बंद करणे पुरेसे आहे.

चौथ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरात काही फाइली केवळ नावापुरत्या असतात: ढगाचे चिन्ह दिसते, आकारही दिसतो, परंतु ‘साइज ऑन डिस्क’ शून्य असतो. बॅकअप अशा फाइलीपाशी आला की ती आधी इंटरनेटवरून उतरावी लागते. जोडणी मंद किंवा बंद असेल तर गाडी तिथेच थांबते. असे फोल्डर बॅकअपपूर्वी ‘या संगणकावर कायम ठेवा’ अशा अर्थाच्या पर्यायाने पूर्ण उतरवून घ्यावे.

यांपैकी काहीच नसेल, तर ती एकच फाइल संगणकातल्याच दुसऱ्या फोल्डरात कॉपी करून पाहावी. तिथेही ती अडली तर बाहेरची डिस्क निर्दोष आहे आणि संगणकाच्या आतल्या डिस्कवरचा तो भाग वाचता येत नाही. अशा वेळी ती फाइल वगळून उरलेला बॅकअप त्याच दिवशी पूर्ण करावा.

ठरावीक वेळाने थांबणे

नोंदीत दर वेळी १५ किंवा ३० मिनिटे असा गोल आकडा दिसत असेल, तर संगणक झोपी जात आहे. बॅकअपच्या वेळेपुरता ‘स्लीप’ बंद करावा, लॅपटॉप चार्जरला जोडावा आणि झाकण उघडे ठेवावे. त्यानंतर ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंगमधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या भागात, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून टाकावी.

थांबणे आणि मंदावणे यांत मात्र गल्लत करू नये. काही हार्ड डिस्कांवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर किंचित चढवून लिहिलेले असतात. या रचनेला एसएमआर म्हणतात. अशी डिस्क सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने घेते आणि तिची तात्पुरती साठवण भरली की वेग कितीतरी पटींनी खाली येतो. टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा वापर १०० टक्के दिसत असेल आणि दिवा लुकलुकत असेल, तर डिस्क काम करीत आहे. तिला रात्रभर काम करू द्यावे. मध्येच केबल ओढणे हाच येथे खरा अपघात ठरतो.

कधीही, कुठेही थांबणे

माझ्याकडे ही अडचण सुमारे दोन महिने टिकली होती. मी दोनदा सॉफ्टवेअर बदलले, एकदा डिस्क फॉरमॅट केली, आणि शेवटी एका संध्याकाळी लॅपटॉप टेबलावर थोडा सरकवताना विंडोजचा उपकरण निघाल्याचा आणि लगेच जोडल्याचा असे दोन सूर एकापाठोपाठ ऐकू आले. केबलचे डिस्ककडचे टोक खोबणीत सैल बसत होते आणि नुसत्या बोटाच्या धक्क्याने डिस्क दिसेनाशी होत होती. नंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिले, तर १५७ क्रमांकाच्या नोंदी दोन महिने रांगेने उभ्या होत्या. आधी नोंद पाहण्याचा आग्रह मी धरतो, तो या अनुभवामुळे.

म्हणून या प्रकारात पहिली बदलायची वस्तू केबल, तीही शक्य तेवढी आखूड. दुसरी गोष्ट वीज. यूएसबी २.० च्या पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर इतका प्रवाह मिळतो. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना मात्र क्षणभर १ अँपिअरच्या आसपास मागणी करू शकते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर डिस्क, माउस आणि वेबकॅम एकत्र लावले असतील तर ती मागणी पुरी होत नाही, डिस्क टकटक करते, बंद पडते आणि पुन्हा फिरू लागते. डिस्क थेट संगणकाला, आणि मेजावरचा संगणक असेल तर त्याच्या मागच्या बाजूच्या पोर्टला जोडून पाहावी.

केबल आणि पोर्ट बदलूनही थांबणे चालूच राहिले तर डिस्कची प्रकृती पाहावी. प्रत्येक डिस्क आपल्या बिघाडांची मोजदाद ‘स्मार्ट’ या व्यवस्थेत ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा जीस्मार्टकंट्रोल यांसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. हार्ड डिस्कसाठी मी सेक्टरांच्या, म्हणजे डिस्कवरील साठवणीच्या लहान तुकड्यांच्या, तीनच ओळी पाहतो: बदलून दिलेले सेक्टर, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. दुसऱ्या ओळीतला आकडा शून्याहून अधिक असेल आणि आठवड्याभरात वाढत असेल, तर ती डिस्क बॅकअपच्या कामातून निवृत्त करावी, मग तिचा एकंदर शेरा ‘ठीक’ असला तरी. चेकडिस्क या आज्ञेचा ‘आर’ पर्याय अशा डिस्कवर आधी चालवू नये. तो संपूर्ण पृष्ठभाग वाचत बसतो आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला ती दगदग सोसेलच असे नाही. आधी माहिती काढावी, मग हवे तर तपासणी करावी.

न थांबता फसलेला बॅकअप

थांबणारा बॅकअप निदान तक्रार तरी करतो. ‘यशस्वी’ असा संदेश देऊन काहीच न साठवणारा बॅकअप त्याहून वाईट, आणि थांबण्याची अडचण दूर करताना केलेल्या बदलांतूनच तो पुष्कळदा जन्माला येतो.

पोर्ट बदलले की विंडोज कधी कधी डिस्कला वेगळे अक्षर देते. बॅकअपला ‘ई’ ड्राइव्ह ठाऊक असतो आणि डिस्क ‘एफ’ म्हणून बसलेली असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला वर्णमालेच्या शेवटचे एखादे अक्षर कायमचे नेमून द्यावे. लिनक्सवर हीच चूक वेगळे रूप घेते: डिस्क माउंट झालेली, म्हणजे एखाद्या फोल्डराशी जोडली गेलेली, नसेल तर बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्याच डिस्कवर, आनंदाने लिहिला जातो. क्लाउड सेवा सुरू केल्यावर ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर तिच्या फोल्डरात हलवले जाते आणि बॅकअप मात्र जुन्या, आता रिकाम्या जागेकडे पाहत राहतो. त्यात रोबोकॉपीचा ‘मिर’ हा पर्याय वापरत असाल तर सावध राहावे; तो मूळ फोल्डर आणि प्रत तंतोतंत सारखी करतो, त्यामुळे मूळ जागा रिकामी असेल तर प्रतही रिकामी करून ठेवतो. क्लाउडची समक्रमण सेवा बॅकअपची जागा घेऊ शकत नाही, त्याचे कारणही हेच: एका ठिकाणी पुसलेले दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते.

अविश्वसनीय स्वस्त दरात मिळालेल्या प्रचंड क्षमतेच्या पेन ड्राइव्हची गोष्ट निराळी. त्यांपैकी काहींची खरी क्षमता दाखवलेल्याच्या अंशमात्र असते. लिहिणे शेवटपर्यंत सुरळीत होते आणि उघडताना मात्र सुरुवातीच्या फाइलींपलीकडचे काहीच उघडत नाही. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे प्रोग्रॅम सगळी जागा भरून परत वाचतात आणि खरी क्षमता उघड करतात. नवे माध्यम वापरण्यापूर्वी ही चाचणी रिकाम्या स्थितीतच करावी.

या सर्वांवर तपासणी एकच आहे: फाइल परत आणून पाहणे. मी महिन्यातून एकदा एक जुनी, एक कालची आणि एक मोठी अशा तीन फाइली बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरात उतरवतो आणि त्या प्रत्यक्ष उघडतो. मोठ्या फाइलीसाठी विंडोजच्या सर्टयूटिल या आज्ञेने मूळ फाइल आणि प्रत या दोन्हींचा एसएचए-२५६ ठसा काढून जुळवतो. एक बाइट जरी बदलला असेल तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो, त्यामुळे पहिली आणि शेवटची चार-चार अक्षरे पाहिली तरी बिघाड लक्षात येतो.

अडचण सुटल्यानंतरची मांडणी

छायाचित्रकार पीटर क्रॉघ यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम घरासाठीही पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. व्यवहारात मी दोन डिस्क आलटून पालटून वापरतो. एकीवर बॅकअप चालू असताना दुसरी सुटी असते, त्यामुळे बिघाड, विजेचा झटका किंवा माझी स्वतःची चूक दोन्हींना एकाच वेळी गाठू शकत नाही. काम संपले की डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावी, जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद केल्या होत्या. सुटी ठेवलेली डिस्क अशा प्रोग्रॅमच्या हाती लागत नाही. अनेक वर्षे कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवू नये, कारण वीज न मिळता फ्लॅश मेमरीतील विद्युतभार हळूहळू ओसरतो. त्यासाठी साधी हार्ड डिस्क बरी.

घराबाहेर ठेवायची डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कूटबद्ध केलेली असावी. तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली त्याच संगणकात साठवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणे होय. ती कागदावर छापून दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि एकदा तरी प्रत्यक्ष टाइप करून डिस्क उघडते का ते पाहावे. माझ्या दोन्ही डिस्कांवर कागदी चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर एकच तारीख पेन्सिलीने लिहिलेली असते. ती शेवटच्या बॅकअपची नसून त्या डिस्कवरून शेवटची फाइल परत उतरवून उघडून पाहिल्याची असते.